शेळीच्या महिन्यात नाणं नको

फुंगाईने खिशातून नाणं काढलं, तशी तेते खुर्चीतून उठलीच.

"ठेव ते खिशात. शेळीचा महिना लागलाय."

शेळीचा महिना म्हणजे नोव्हेंबर. त्या महिन्यात मुटारे शहरात कुणी लग्न करत नाही, सोयरीक बोलायलाही जात नाही. पण काडीमोडालाही तो महिना आडवा येतो, हे फुंगाई पहिल्यांदाच ऐकत होता. तेते त्याची आत्या, बापाची थोरली बहीण. नवऱ्याने आत्यासमोर बायकोच्या हातावर नाणं ठेवलं की संसार संपला. आत्याने तोंड फिरवलं तर ते नुसतंच नाणं. फुंगाईने ते मुकाट्याने खिशात टाकलं.

चुलीपाशी उभ्या असलेल्या तादालाच्या जिवात जीव आला. ती मलावीची, ब्लान्टायरची. या देशात राहत होती ती फुंगाईची बायको म्हणून. कायमचं राहू देणारा कागद अजून मंजूर व्हायचा होता. त्याआधी लग्न मोडलं, तर तिला चंबूगबाळं आवरून माघारी जावं लागणार होतं. त्यांची लेक वोंगाई मात्र इथेच राहणार, कारण लेकरू बापाच्या कुळाचं. सात वर्षांची पोर, वेणी घालता घालता आईच्या मांडीवर झोपून जाणारी.

फुंगाईच्या घाईलाही कारण होतं. बाजारात टोमॅटो विकणाऱ्या सेकाईला त्याच्यापासून दिवस गेले होते. तिच्या भावांनी त्याला बजावलं होतं, आमची बहीण सवतीवर नांदणार नाही. आधी पहिलीला नाणं दे, मग मुलीच्या मोलाचं देज घेऊन ये.

जानेवारीत तो पुन्हा आला. तेते म्हणाली, शेतात मका हिरवा असताना नाणं दिलं तर कणसं भरत नाहीत.

"असला रिवाज आपल्या घरात कधी होता?"

"तुझ्या घरातला रिवाज म्हणजे मी."

पुढे मका वाळला, तर तेतेचा पाय सुजला. साक्षीदार दोन्ही पायांवर धड उभा हवा म्हणे. सूज कुणी पाहिली नाही, आणि बाजारात मात्र बाई तुरुतुरु चालायची.

तादालाला हसूही यायचं आणि रडूही. ही बाई तोंडाची फटकळ. लग्नात 'मासेखाऊंची पोरगी' म्हणून हिनेच नाक मुरडलं होतं. आणि आता हीच बाई ढालीसारखी पुढे उभी राहिली होती. तादाला रोज तिच्याकडे पाणी भरायची, शेंगदाण्याच्या कुटात शिजवलेली सुकी मासळी न्यायची. वास येतो म्हणत म्हणत तेते ताट चाटूनपुसून लख्ख करायची.

धास्ती एकच होती, सेकाईची. पोट लपेनासं झालेली सेकाई मधूनमधून तेतेच्या घरातून बाहेर पडताना दिसायची. तादाला समोर आली की मान खाली घालून निघून जायची. बाजारातल्या बायका तिला ऐकू जाईल अशा बेताने विचारायच्या, आधी काय येतंय गं, देज की बाळ? तिला घाई असणारच, त्यात तिची काय चूक, असं तादालालाही वाटायचं.

एकदा न राहवून तिने विचारलंच, "काय म्हणत होती ती?"

"डोकं खाल्लं माझं," तेते म्हणाली. "नाही म्हणावं तर पाय धरून बसते. ऐकेल तर शपथ."

तादालाने दुसऱ्या दिवशी घरातली अंड्यावरची कोंबडीच नेऊन तेतेच्या अंगणात सोडली.

एप्रिलात इथला पावसाळा सरल्यावर कचेरीतला माणूस कागदाच्या चौकशीला आला. तेतेने त्याला दारातच सांगितलं, ही आमची सून, हिच्या हातचं रोज खाते मी. फुंगाईने मान डोलावली. त्यानंतर काही आठवड्यांनी कागद हातात पडला.

मग तेतेने स्वतःच फुंगाईला बोलावून घेतलं. तादालाने हात पुढे केला. नाणं हातावर पडलं. कितीही म्हटलं तरी दहा वर्षांचा संसार. पण बाहेर वोंगाई दोरीवरच्या उड्या मारत होती, आणि उद्याही मारणार होती.

फुंगाई गेल्यावर तादाला तेतेपुढे गुडघे टेकून बसली. थोरांचे आभार मानताना वाजवतात तशा तिने ओंजळीने हळू टाळ्या वाजवल्या.

"तेते, माझी लेक तुम्ही माझ्या पदरात टाकलीत. माझ्यासाठी इतके महिने खोटं बोललात. हे उपकार मी कसे फेडू?"

"ऊठ आधी," तेते म्हणाली. "मला कसलं सुचतंय एवढं? मी तर पहिल्याच दिवशी तुला वाटेला लावणार होते."

तादाला तिच्याकडे बघतच राहिली. "मग ती सगळी कारणं?"

"सेकाई आणून द्यायची. शेळीच्या महिन्याचं तर आदल्याच रात्री येऊन सांगून गेली. वर, 'माझ्या भावांना कळू देऊ नका' म्हणायची. तिच्या आईला असंच नाणं हातावर ठेवून मोझांबिकला धाडलं होतं. तेव्हा ती तुझ्या वोंगाईएवढी होती."