तळाला दगड

जावई गरजेपेक्षा जास्त बोलत होता आणि नागेशरावांना नेमकं तेच खटकत होतं. रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून त्यांनी उभी हयात काढली होती. तिकीट असणारा मुकाट्याने ते काढून दाखवतो, नसणारा हवापाण्याच्या गप्पा सुरू करतो, हे त्यांच्या अंगात भिनलं होतं.

हॅनोव्हरमधल्या त्या मासेमारीच्या सामानाच्या दुकानात ओजस काउंटरवर वाकून शिशाची वजनं तळहातावर घेऊन बघत होता.

"बाबा, याला ड्रॉप-शॉट म्हणतात. तंगुसाच्या अगदी टोकाला वजन, गळ त्याच्या हातभर वर. वजन तळाला टेकतं, आमिष वरच्या वर हलत राहतं. इथल्या बार्श माशाला वाटतं, एखादं पिल्लूच पोहतंय. हमखास फसतो."

"फसतो ना? बरं," नागेशराव म्हणाले.

लेकीकडे आल्यापासून त्यांच्या मनात पाल चुकचुकत होती. अश्लेषाच्या संसारात काहीतरी बिनसलं होतं आणि काय ते कुणी सांगत नव्हतं. स्वतःच्याच स्वयंपाकघरात जावयाला चमचे सापडत नव्हते. नवरा-बायको पाण्याचा ग्लास दिला-घेतला तरी एकमेकांना थँक्यू म्हणत होती. भांडत असती तर नागेशरावांना हायसं वाटलं असतं. काल रात्री त्यांनी बायकोपाशी, वासंतीबाईंपाशी, विषय काढला, तर त्यांनी उडवूनच लावलं. "तुम्हाला देवळातला देवसुद्धा विनातिकीट दिसतो. झोपा आता."

आणि आज सकाळी ओजसनेच मासे धरायला चला म्हणून आग्रह केला होता. तोही संशयास्पदच.

दुकानाच्या मालकिणीने दोन डबे पुढे सरकवले आणि जर्मनमध्ये काहीतरी विचारलं. "गेनाऊ," बरोबर, म्हणत ओजसने गोल वजनांचा डबा बाजूला सारला.

"गोल का नको?" नागेशरावांना वजनात काडीचाही रस नव्हता. माणूस बोलता ठेवावा, एवढंच.

"गोल वाळूत चांगलं. दगड असले की फटीत जाऊन बसतं. हे लांबट अलगद निसटून येतं. आमच्या घराखालीच कालवा आहे ना, त्याच्या तळाला नुसते दगड. ऑफिसातून आलो की मी रोज तिथेच..."

तो थांबला, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

अश्लेषाच्या घराखाली ट्रामचा थांबा होता आणि समोर बेकरी. नागेशराव रोज सकाळी त्या भागात फिरायला जात होते. कालवा सोडा, साधं डबकंही त्यांना दिसलं नव्हतं.

"कुणाच्या घराखाली, ओजसराव?"

ओजसने गळांची एक पुडी उचलली. "लहानच गळ घेऊ या. मोठा असला की बार्श तोंड..."

"माशाचं राहू द्या."

मालकीण दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली होती. ओजस पुडीकडे बघतच बोलला. "माझ्या. मी तिकडे राहतो, बाबा. दिवाळीपासून. इथे घटस्फोटाआधी वर्षभर वेगळं राहावं लागतं. ट्रेनुंग्सयार म्हणतात त्याला. ते चाललंय आमचं."

"आणि आत्ता हे काय चाललंय?"

"तुमची तिकिटं आली तेव्हा अश्लेषाने फोन केला. म्हणाली, आई-बाबा आहेत तोवर घरी येऊन राहा. त्यांना सुखाने परत जाऊ दे, मग मी सांगेन हळूहळू." त्याने पहिल्यांदा वर पाहिलं. "मी बोललो हे तिला कळू देऊ नका. तिने एवढी एकच गोष्ट मागितली होती माझ्याकडे."

नागेशरावांना आधी संताप आला. याची गचांडी धरावी आणि विचारावं, माझ्या पोरीने तुझं काय घोडं मारलं होतं? पण संतापाच्या मागोमाग रडू दाटून आलं आणि ते आवरता आवरेना. दिवाळीपासून पोरगी या परक्या गावात एकटी राहत होती. दर रविवारी व्हिडिओ कॉलवर हसत होती, ओजस अंघोळीला गेलाय म्हणत होती. आणि ते, एवढे संशयी, दर रविवारी मान डोलवत होते.

खिशात फोन वाजला. अश्लेषाच होती.

"बाबा, कुठे आहात? आईने मसाला वाटून ठेवलाय. ओजस फोन उचलत नाहीये." मग तिने आवाज खाली आणला. "एवढा वेळ काय बोलतोय तो तुमच्याशी?"

ही विचारण्याची तऱ्हा नागेशरावांना चांगली ओळखीची होती. ती त्यांचीच होती. काउंटरपाशी ओजसचा चेहरा पार उतरला होता.

नागेशरावांनी घसा खाकरला.

"काय बोलणार? वजन गोल घ्यायचं की लांब, इथेच गाडी अडलीय. तुझ्या नवऱ्याला एक गोष्ट धड ठरवता येईल तर शपथ!"

 पलीकडे अश्लेषा खळखळून हसली. आई-बाबा आल्यापासून पहिल्यांदाच.