केसभराचा फरक

खट्. माप घ्यायचा व्हर्नियर कॅलिपर मिटल्याच्या आवाजानं स्वयंपाकघरातली शांतता मोडली. एल्क हरणाच्या शिकारीआधी घरीच शिसं वितळवून गोळ्या ओतायला ड्वेन नवा साचा बनवून घेत होता, खास स्वतःच्या रायफलीच्या मापाचा.

"केसभर फरक चालत नाही यात," तो म्हणाला.

"आपल्या टेसाच्या रक्तात शिसं सापडलंय. ते चालतं?" मी विचारलं.

"माझ्या बापानं याच घरात जन्मभर शिसं वितळवलं. मी मेलो का?"

"पाच वर्षांची आहे रे ती."

"मग घेऊन जा तिला तुझ्या आईकडे. साचा येणारच."

त्यानं शिशाची जुनी गोळी दिव्याखाली धरली आणि हळुवार फिरवत, डोळे भरून बघत राहिला.



दारातून हे बघत असलेली टेसा माझ्या कुशीत शिरली. "आई, माझ्यातपण शिसं आहे ना? मग बाबा माझ्याकडे असं का बघत नाहीत?"