मेजाच्या पायावरचे दात

संहिताच्या तोंडात मेजाचा पाय होता. पूर्णिमा ओरडली नाही. ओरडली असती तर लेकीने आणखी जोरात चावलं असतं. तिने आधी तिला सोडवलं, मग पाय पाहिला. महागनीच्या लाकडावर चार चिमुकले दात उमटले होते, ताजे, पांढुरके.

वर्षभर या पायांना नवऱ्याचे, आशुतोषचे, जुने मोजे चढवलेले होते. आज पाहुणी येणार म्हणून तिनेच ते काढले होते. २००५ साली हार्लेम या डच शहरातलं हे घर भाड्याने देताना योहानाबाईंनी एकच अट घातली होती: जेवणघरातल्या त्या मेजाला ओरखडा आला, तर घर सोडायचं.

तसंच दुसरं मेज त्यांच्या ग्रोनिंगनच्या चुलतबहिणीकडे होतं. तेच निमुळते, उभ्या खाचांचे पाय, तीच कोरलेली पानांची माळ, वर तसाच संगमरवर. दोन्हींपैकी एक मेज दोनशे वर्षांपूर्वीचं, अस्सल. एक आजोबांनी वाटणीत भांडण नको म्हणून करवून घेतलेली नक्कल. चुलतबहीण म्हणायची, अस्सल माझंच, त्याच्या पायावर खापरपणजोबांचे दुधाचे दात उमटलेत. आज ती इथली नक्कल डोळ्यांनी बघून घेणार होती.

पूर्णिमाने खोबरेल तेलात कॉफीची पूड कालवली आणि खुणांवर चोळचोळ चोळली. तेवढ्यात बेल वाजली. योहानाबाई बहिणीला घेऊनच आल्या होत्या.

बहिणीने पूर्णिमाने पुढे केलेल्या डब्यातून एक बिस्किट घेतलं आणि झाकण स्वतःच लावून टाकलं. मग भिंग काढून ती खाली बसली. नक्कल कशी ओळखायची ते समजावत एकेका पायाशी सरकत राहिली. चौथ्या पायाशी तिने भिंग पुसून पुन्हा लावलं. तिथे दात होते. जुने, काळपट. कपातली कॉफी तशीच टाकून ती ट्रेन गाठायला निघाली.

दार लागलं तशी पूर्णिमा घडाघडा सगळं बोलून गेली, अगदी मोज्यांसकट. घर कधी सोडायचं, तेही विचारलं.

योहानाबाईंनी खुणेवर बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला. मग संहिताला मांडीवर बसवून डबा उघडला आणि तिच्या दोन्ही हातांत एकेक बिस्किट दिलं.

"मोजे परत चढव," त्या म्हणाल्या. "बहिणीकडच्या मेजावरचे दात माझे आहेत. सहा वर्षांची होते. काकूने दुसरं बिस्किट दिलं नव्हतं."