पिल्लू तोंडात धरलेली कोल्हीण

घरामागच्या उतारावर कोल्हिणीने चार पिल्लं घातली, तेव्हापासून शिंपीकाका दुकान उघडण्याआधी रोज बिळाकडे जायचे आणि फोटोसाठी आदल्या दिवसापेक्षा दोन पावलं पुढे सरकायचे. आज तर घबाडच हाती लागलं. पिल्लू तोंडात धरून लगबगीने निघालेली कोल्हीण!

घरच्या ग्रुपवर वाहवा सुरू झाली. "काय ती आईची माया!" म्हणत भाचीने तो फोटो डीपीलाच लावला.

काकांनी हौसेने म्हाताऱ्या आईला दाखवला. ती चष्मा सावरत हळूच म्हणाली, "माया तर आहेच रे बाळा. पण कुणी सारखं डोकावायला लागलं, की बिचारी पिल्लं उचलून दुसरीकडे नेते. आपली मांजर नाही का घर बदलत?"



काकांनी फोटो मोठा करून पाहिला, आणि कोल्हिणीच्या नजरेला त्यांना नजर देता येईना.