आपली खूण

“आवाजावर विश्वास ठेवू नका. यंत्र आईचाही आवाज काढतं. घरोघरी गुप्त खूण ठरलेली हवी,” कंपन्यांच्या तंत्रज्ञानप्रमुखांच्या परिषदेत तो सांगत होता. तेवढ्यात अनोळखी नंबरवरून फोन आला. “आलाच भामटा,” म्हणत त्याने फोन माइकपुढे धरला. “दादा, बाबा कोसळलेत. हॉस्पिटलमधून बोलतेय. ऑपरेशनला तुझा होकार हवाय.” आवाज रडवेला, हुबेहूब बहिणीचा. त्याने श्रोत्यांना डोळा मारला. “आधी आपली खूण सांग.” “कसली खूण? दादा, डॉक्टर थांबलेत.” “खूण सांग, नाहीतर फोन ठेव.” पलीकडचं रडणं थांबलं. “माझा दादा असं बोलणार नाही. कोण आहेस तू? त्याचा फोन तुझ्याकडे कसा आला?” फोन कट झाला. “चोराच्या उलट्या बोंबा,” पुढून कुणीतरी म्हणालं. सभागृह हसलं, तोही हसला. माइक ठेवताना आठवलं, घरी खूण ठरवायची राहूनच गेली होती.