पहिल्याच किल्लीला

धायरीच्या सोसायटीत सकाळी सातला लाइट जायची आणि सोनूला मशिनने वाफ द्यायची वेळही नेमकी तीच. थंडीत जनरेटर नुसता घरघरायचा, सुरू काही व्हायचा नाही. इकडे तेजस्विनी लेकीचा एकेक श्वास मोजत बसायची.

शेवटी मेकॅनिक आला. इंजिन आतून तापवणारे चारही ग्लो प्लग त्याने काढले आणि तिच्यासमोर एकेक करून बॅटरीला लावले. एकाचंही टोक लाल झालं नाही.

"चारही गेलेत, वहिनी. नवे टाका. जीपला लागतात तेच याला चालतात."

चेअरमन कोंडीराम अण्णा शेजारीच उभे होते. त्यांची म्हातारी जीप रोज सकाळी धक्का मारून सुरू करायची आणि मग हिंजवडीची बस पकडायची, हे तिच्या नवऱ्याचं नित्याचं काम.

"पोरी, तू घोर नको करू," अण्णा म्हणाले. "सोनू माझी नातच हाय. आजच आणून बसवून घेतो."

संध्याकाळी 'बसवले बरं का' असा निरोप आला. तिने अण्णांकडे डबाभर गाजरहलवा पाठवला.

सकाळी सातला लाइट गेली. जनरेटर घरघरला, खोकला आणि गप्प झाला. सोनूला छातीशी धरून, अण्णांना हाक मारायला ती गॅलरीत धावली.



खाली नवरा जीप ढकलायला वाकला होता. त्याचा हात लागायच्या आतच, पहिल्याच किल्लीला, ती सुरू झाली.