धुरीच्या खोलीची किल्ली

“खिडक्या लावून घ्या,” पुण्याहून आलेले मोठे साहेब म्हणाले, “आणि भिंतीला लागून रांगेत उभे राहा. सगळे.”

वैशाखातलं जळगाव. आधीच अंगाची लाही होत होती, त्यात खिडक्या बंद. सरकारी बियाणे प्रयोगशाळेतली माणसं मुकाट्याने भिंतीला लागली. गिरधर मुद्दाम रांगेच्या शेवटाला उभा राहिला. तिथून सगळ्यांचे हात दिसत होते, आणि आज त्याची सारी भिस्त दुसऱ्यांच्या हातांवर होती.

साहेबांनी टेबलावर एक निळी बाटली आणि कापसाचा बोळा ठेवला.

“गेल्या आठवड्यात धुरीच्या खोलीत माणूस पडला. वाचला, हे त्याचं नशीब. पुन्हा असं चालणार नाही. हे नवं औषध आहे, याचा वास फार हलका असतो. मी बोळा भिजवतो. ज्याला वास येईल त्याने हात वर करायचा. ज्याचं नाक भरवशाचं निघेल, त्याच्या हाती खोलीची किल्ली.”

खोली अंगणापलीकडे होती. सरकीतली शेंदरी अळी मारायला तिथे पोती रचून बायसल्फाइड हे विषारी औषध ठेवत. सडक्या मुळ्यासारखा वास, आणि हवेहून जड वाफ. जमिनीलगत दबा धरून बसणारी. आसपास कुणी बिडी पेटवली तर संपलंच. दारं उघडल्यावर एका माणसाने ओणवं होऊन जमिनीपाशी हुंगायचं आणि ‘जा’ म्हणायचं. मग हमाल पोती काढायला आत शिरायचे.

तो ‘जा’ म्हणणारा माणूस गिरधर. आणि गिरधरला चैत्रापासून कसलाच वास येत नव्हता.

चूक त्याचीच. उन्हाळ्यात अमोनियाची बाटली ओल्या गोणपाटात गुंडाळून गार केल्याशिवाय उघडायची नाही, हे नव्या माणसांना तोच बजावून सांगे. एक दिवस घाई झाली. बूच उडालं आणि वाफेचा भपकारा थेट तोंडावर आला. डोळे चार दिवसांनी निवले, नाक मात्र गेलं ते गेलंच. आयुष्यभर नाकासमोर चाललेल्या माणसाला नाकानेच दगा दिला. कामावरून काढतील या धास्तीने तो कुणाला बोलला नाही. ठाऊक होतं एकट्या कुंदाबाईला. चुलीवरची डाळ जळून कोळसा झाली आणि नवरा शेजारी बसून पान लावत होता, तेव्हाच ती काय ते समजली.

गेल्या आठवड्यात त्याने असंच अंदाजाने ‘जा’ म्हटलं, आणि पिंप्राळ्याचा लोटन हमाल आत जाऊन कोसळला. शुद्धीवर आल्यावर तोच बिचारा म्हणाला, “मना उपास व्हता, भोवळ उनी.” सगळ्यांनी ते खरं मानलं. गिरधरनेही मान डोलावली होती. त्या दिवसापासून घास गिळताना त्याला ती मान आठवे.

“नोकरी गेली तर मी कापूस वेचीन,” आज सकाळी कुंदाबाई म्हणाली होती. “पण लोटनच्या बायकोला तोंड कसं दाखवू, ते सांगा.”

साहेबांनी बोळा भिजवून रांगेसमोर धरला. बाहेर कुठेतरी रहाट करकरत होता.

पहिला हात भांडारी सत्तारमियांचा वर गेला. “आला, साहेब. तिखट आहे.” त्यांनी रुमाल नाकाला लावला. मग कारकून झुलालचा हात गेला. मग एकामागून एक हात वर जाऊ लागले. कुणी खाकरलं, कुणी डोळे पुसले. दाराशी उभ्या लोटनचाही हात वर गेला.

आता गिरधरच्या शेजाऱ्याने हात उचलला. हीच वेळ होती. गिरधरचा हात कमरेपर्यंत आला.

समोर लोटन त्याच्याकडे पाहून हसत होता. गिरधरभाऊचं नाक म्हणजे काय विचारता, जणू बक्षीस लोटनलाच मिळणार होतं. जाऊ दे नोकरी, गिरधरने मनाशी म्हटलं. हा माणूस माझ्या शब्दावर मरायला नको.

त्याने हात खाली सोडला.

साहेब त्याच्यापाशी आले. “तुम्हाला वास आला नाही?”

“नाही, साहेब.”

“जरासाही नाही? बाकी सगळ्यांना आला.”

“जरासाही नाही.” बोलून टाकल्यावर छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं त्याला वाटलं. “साहेब, खरं सांगायचं तर माझं—”

पण साहेब वळले होते. त्यांनी टेबलावरची निळी बाटली उचलली, तोंडाला लावली आणि घटाघटा रिकामी केली.

“पाणी आहे,” ते म्हणाले. “तुमच्या विहिरीचं.”

वर गेलेले हात कसेनुसे खाली आले. सत्तारमियांनी रुमाल खिशात कोंबला.

“साहेबाला बरं वाटावं म्हणून ज्यांना नसलेला वास येतो, त्यांच्या जिवावर मी माणसं आत पाठवू?” साहेबांनी गिरधरचा हात धरला आणि त्यात किल्ली ठेवली. “सगळ्यांत एकच नाक खरं निघालं. आजपासून या माणसाने हुंगून सांगितल्याशिवाय कुणी आत पाऊल टाकायचं नाही. चला, कालची पोती आत्ताच काढा. मला पाहायचं आहे.”

“साहेब, पण माझं ऐका...”

“पुरे हो तो विनय!” साहेब हसले आणि त्यांनी त्याला पुढे घातलं.

अंगणापलीकडे दारं उघडली गेली. सगळी प्रयोगशाळा मागे गोळा झाली. गिरधर उंबऱ्यापाशी ओणवा झाला आणि त्याने छाती भरून श्वास घेतला. लोटनने डोक्यावर गोणपाट घेतलं, धोतर खोचलं आणि तो अगदी त्याच्याजवळ येऊन उभा राहिला.

“आते तुम्ही शेतस, माले कसानी भीती नही,” तो म्हणाला आणि त्याने खोलीच्या आत बोट दाखवलं. “सांगा भाऊ, जाऊ का मझार?”